पायी व्हेनिस: विहिरी, पायऱ्या आणि भरती

व्हेनिसला नोव्हेंबरात जायचं ठरवलं. उन्हाळ्यातली गर्दी तोवर ओसरलेली असते, शिवाय २१ नोव्हेंबरचा सण गाठायचा होता. त्या सणासाठी ग्रँड कॅनॉलवर एक तात्पुरता पूल उभारतात आणि गावातली माणसं तो पायी ओलांडून सालूतेच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जातात. सोबत माझी मोठी बहीण होती. ताईची उभी हयात पाणीपुरवठा खात्यात अभियंता म्हणून गेली, त्यामुळे तिला राजवाड्यांपेक्षा विहिरींची ओढ जास्त. वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची बस. तिचं एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो. ती शक्यतो टाळायची आणि चालायचं, एवढंच आमचं नियोजन.

पहिला दिवस: स्टेशनच्या पायऱ्यांपासून गेत्तोपर्यंत

मुख्य भूमीवरचं मेस्त्रे सोडलं की गाडी खाजणावरच्या लांबलचक पुलावर येते आणि दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसायला लागतं. हा रेल्वेपूल १८४६ सालचा. त्याआधी हजारभर वर्षं व्हेनिसला जायचं तर नावेनंच. मोटारींचा पूल त्याच्याही नंतर, १९३३ मध्ये आला, पण मोटारी बेटाच्या टोकाशीच थांबतात. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडल्यावर रुंद पायऱ्या, आणि त्या संपतात तिथे ग्रँड कॅनॉल. ना रस्ता, ना रिक्षा, ना हॉर्न. या शांततेचा अंदाज फोटोंवरून येत नाही. माणसांचे आवाज, बॅगांची चाकं आणि बोटींची इंजिनं, एवढंच कानावर येतं.

शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. सामान कमी आणायचं शहाणपण ताईचं, त्याचा फायदा पहिल्याच पुलावर कळला.

आमची खोली कान्नारेजो भागात होती. शहराचे असे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि घरांचे नंबर गल्लीनुसार नाही तर अख्ख्या सेस्तिएरेत सलग चालतात. त्यामुळे पत्त्यात भागाचं नाव आणि चार आकडी नंबर दिला की झालं. तेवढ्यावर घर कुणाला सापडत असेल असं वाटत नाही. आपला आधार म्हणजे भिंतींवरच्या पाट्या. पाट्या तरी कसल्या, गिलाव्यावरच पांढरा चौकोन रंगवून, काळी चौकट आखून आत नाव लिहिलेलं. काल्ले म्हणजे गल्ली, फोंदामेन्ता म्हणजे कालव्याकाठचा रस्ता, काम्पो म्हणजे चौक, सोत्तोपोर्तेगो म्हणजे घराच्या पोटातून जाणारा बोळ, आणि रिओ तेरा म्हणजे बुजवलेल्या कालव्यावरची वाट. एवढे शब्द कळले की गावाची रचना डोळ्यांसमोर उभी राहते.

संध्याकाळी गुल्ये पूल ओलांडून डावीकडे वळलो आणि एका ठेंगण्या बोळातून गेत्तोत शिरलो. १५१६ साली व्हेनिसच्या सेनेटनं शहरातल्या ज्यूंना या जागेत राहण्याची सक्ती केली. चारी बाजूंनी कालवे, रात्री दरवाजे बंद, बाहेर पहारा, आणि पहारेकऱ्यांचा पगार कोंडलेल्यांनीच द्यायचा. वस्ती वाढली, जमीन वाढेना, म्हणून घरं वर चढत गेली. आजही काम्पो देल गेत्तो नोव्होत उभं राहून मजले मोजले तर सहा, सात, कुठे त्याहून जास्त भरतात. खिडक्या एकमेकींच्या इतक्या जवळ, की आतल्या छताची उंची बाहेरूनच कळते. सिनेगॉग वरच्या मजल्यांवर आहेत, कारण देवघराच्या डोक्यावर कुणाचा संसार नको. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं आणि हे दरवाजे जाळले गेले. चौकाच्या एका भिंतीवर ब्राँझची शिल्पं आहेत, १९४३-४४ मध्ये इथून छळछावण्यांकडे नेलेल्या माणसांची. वाटेतल्या फरसबंदीत पितळी चौकोन बसवलेत. प्रत्येकावर नाव, जन्मसाल, अटकेची तारीख. आम्ही वाकून वाचत होतो आणि मागून शाळेतून आलेली मुलं फुटबॉल खेळत होती.

ताई चौकातल्या विहिरींकडे वळली. तीन आहेत, तिन्हींची तोंडं लोखंडी झाकणांनी बंद. ती म्हणाली, "उद्या उजेडात नीट बघू. आसपासची फरशी बघायला हवी, विहीर नाही."

दुसरा दिवस: मासळीबाजार, मारामारीचा पूल आणि विहिरीचं पोट

सकाळी सांता सोफियाच्या धक्क्यावर गेलो. तिथून त्रागेत्तो सुटतो. गोंडोलाच, पण सजावट नसलेली, दोन वल्हेकरी असलेली, ग्रँड कॅनॉलच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सोडणारी. पाहुण्यांना दोन युरो. ग्रँड कॅनॉल पावणेचार किलोमीटर लांब आणि त्यावर कायमचे पूल फक्त चार, म्हणून ही सोय. गावकरी उभ्यानंच जातात. आम्हीही उभ्या राहिलो. मधोमध एक मोठी बोट शेजारून गेली तेव्हा ताईनं माझं मनगट पकडलं ते दुसऱ्या काठालाच सोडलं.

उतरलो ते थेट रिआल्तोच्या मासळीबाजारात. कमानींखाली बर्फाच्या फळ्या, त्यावर खाजणातले खेकडे, माकूळ, कोलंबी, बांगड्याच्या जातीचे चकाकते मासे. इथल्या भिंतीवर संगमरवराची एक जुनी पाटी आहे. कुठला मासा किती लांबीचा असेल तरच विकता येईल, ते त्यावर कोरलंय: बाम मासा २५ सेंटीमीटर, कालव ५, शिंपला ३. नावं व्हेनिसच्या बोलीत आहेत. खाजण जपलं तरच बाजार टिकेल हे ज्यांना कळलं होतं, त्यांनी ते कागदावर न ठेवता विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर दगडात कोरलं. सबंध सहलीत मला सर्वांत आवडलेल्या गोष्टींत ही पाटी आहे.

बाजाराला लागूनच्या छोट्या दुकानांत चिकेत्ती मिळतात. पावाच्या चकतीवर फेटलेला सुका कॉड, नाहीतर कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेले तारले. हे दुसरं खाणं जुन्या खलाशांचं, बोटीवर टिकावं म्हणून केलेलं. उभ्यानं खायचं, निघायचं.

रिआल्तोचा पूल १५९१ मध्ये पुरा झाला. आधीचा लाकडी होता आणि १४४४ मध्ये मिरवणूक बघायला जमलेल्या गर्दीच्या वजनानं कोसळला होता. दगडी पुलासाठी मोठमोठ्या वास्तुविशारदांनी आराखडे दिले, काम मिळालं आंतोनियो दा पोंते याला. त्यानं मध्ये एकही खांब न घेता २८ मीटरची एकच कमान टाकली आणि तिचा रेटा सोसायला दोन्ही काठांच्या चिखलात मिळून बारा हजार लाकडी खुंट ठोकले. लाकूड चिखलात पूर्ण बुडलेलं राहिलं की हवा लागत नाही, म्हणून कुजण्याचा वेग फार मंदावतो. अख्खं शहर याच हिशोबावर उभं आहे.

फ्रारी चर्चमध्ये चित्रकार तित्सियानचं १५१८ सालचं 'असुंता' पाहिलं. लांबूनच, दारातून वेदीकडे चालत जाताना पाहावं असं चित्र. शेजारच्या सान रोक्कोत तिंतोरेत्तोनं चित्रांनी भिंती आणि छतं भरून टाकलीत. तिथे अर्धा दिवस हवा, आम्ही तासाभरात निघालो, कारण नोव्हेंबरात उजेड लवकर जातो आणि ताईला विहीर दाखवायची होती.

वाटेत सान बार्नाबाजवळ पोंते देई पुन्यी, मुठींचा पूल, लागला. वरच्या सपाट भागावर चार कोपऱ्यांत पांढऱ्या दगडाचे पायांचे ठसे आहेत. शहराच्या दोन गटांतले लोक तिथे पाय रोवून एकमेकांना ठोसे मारत. तेव्हा पुलाला कठडे नव्हते, हरलेला थेट कालव्यात. १७०५ मध्ये हा खेळ बंद केला. ठशावर पाय ठेवून बघितला. माझा त्यात पुरता मावला.

मग काम्पो सान त्रोव्हासो. इथे गोंडोला बांधण्याचा आणि दुरुस्तीचा जुना कारखाना आहे, कालव्याच्या पलीकडून दिसतो. इमारत लाकडी आणि डोंगराळ वळणाची, कारण सुतार उत्तरेकडच्या पहाडांतून येत. उलट्या घातलेल्या एका गोंडोलाच्या तळाला एक माणूस काळा रंग देत होता. एका गोंडोलाला आठ जातींच्या लाकडांचे २८० तुकडे लागतात, आणि तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद असते. वल्हं एकट्या उजव्या बाजूला चालतं, तरी नाव सरळ जाते ती या वाकडेपणामुळे.

चौकात मधला भाग आजूबाजूपेक्षा उंच आहे. ताईनं मला तिथे खाली बसवलं. "हे भोक दिसतंय? आणि ते? मधलं ते विहिरीचं तोंड आहे. पावसाचं पाणी विहिरीत तोंडातून जायचंच नाही, या भोकांतून जायचं."

दगडी जाळीत बोटं घातली तर आत ओलसर गार हवा लागली. रचना अशी: चौकाखाली काही मीटर खोल खड्डा, त्याला आतून चिकणमातीचा जाड थर, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येणार नाही. खड्ड्यात वाळू भरलेली. मधोमध विटांची गोल नळी, तिचं वरचं टोक म्हणजे आपल्याला दिसतं ते कोरीव कठड्याचं तोंड. फरशीला उतार जाळ्यांकडे. पाऊस जाळ्यांतून वाळूत उतरतो, गाळत गाळत नळीच्या तळाशी पोहोचतो आणि तिथून बादलीनं वर. म्हणजे ही विहीर नाही, पाणी साठवणारी गाळणी आहे, आणि चौक हे तिचं पाणलोट क्षेत्र. चौक उंच ठेवला, कारण भरतीचं पाणी एकदा जाळ्यांत शिरलं की सगळी वाळू खारट. मारीन सानुदो या व्हेनिसच्या रोजनिशीकारानं लिहून ठेवलंय, की हे शहर पाण्यात आहे आणि त्याला पाणी नाही. पाऊस कमी पडला की बार्जेसमधून ब्रेंता नदीचं पाणी आणून याच वाळूत ओतत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अशा विहिरी सहा हजारांहून जास्त होत्या. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला आणि झाकणं बसली.

"देखभाल कुणाकडे होती ते बघ," ताई म्हणाली. "किल्ल्या मोहल्ल्याच्या मुखियाकडे. घंटा झाली की उघडायचं, घंटा झाली की बंद. वापर मोजून, म्हणून पुरलं." निवृत्त झाल्यापासून तिला इतकं खुलून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

तिसरा दिवस: सान मार्कोत भरती

आदल्या रात्रीच भरतीचा अंदाज आला होता, सकाळी ९५ सेंटीमीटर. हा आकडा १८९७ साली ठरवलेल्या शून्य पातळीपासून मोजतात. आज समुद्राची सरासरीच त्या शून्याच्या तीस सेंटीमीटरांहून वर आहे. थोडा समुद्र चढला, थोडं शहर खचलं. खचण्यामागे मुख्य भूमीवरच्या मार्गेराच्या कारखान्यांनी विसाव्या शतकात उपसलेलं भूजल हे मोठं कारण होतं. सत्तरच्या दशकात तो उपसा थांबवला.

घोटाभर उंचीचे रबरी बूट आदल्या दिवशीच घेतले होते. सान मार्कोच्या चौकात पोहोचलो तेव्हा पाणी यायला सुरुवात झाली होती. कालव्याकडून लाट येत असेल असं वाटतं, पण तसं नाही. ते खालून येतं. फरशीतल्या गटाराच्या दगडी भोकांतून आधी बुडबुडे, मग चकचकीत डबकं, मग शेजारच्या भोकाचं डबकं त्याला मिळतं. अर्ध्या तासात सान मार्को बासिलिका या चर्चसमोरचा भाग तळं झाला. कामगारांनी लाकडी फळ्यांचे मंच मांडून रांगेनं वाट करून दिली आणि लोक त्यावरून एकेरी चालायला लागले. कुणाचीही धावपळ नाही.

बासिलिकाभोवती काचेची बुटकी भिंत घातलीय, २०२२ पासून. तिच्या बाहेर पाणी आणि आत कोरडी फरशी. हे सहा-सात इंचांचं अंतर बघून मला गहिवरून आलं, कारण १२ नोव्हेंबर २०१९ ला इथे १८७ सेंटीमीटर भरती आली होती. १९६६ च्या ४ नोव्हेंबरनंतरची सर्वांत मोठी. त्या वेळी १९४ होती. आता ११० च्या वर अंदाज गेला की खाजणाच्या तिन्ही मुखांवरची मोझे यंत्रणा उभी राहते. समुद्राच्या तळाशी आडव्या पडलेल्या ७८ पोकळ झडपा, त्यांत पाणी भरलेलं असतं. आत हवा भरून पाणी बाहेर काढलं की झडपा आपोआप वर येतात आणि समुद्र बाहेर राहतो. ३ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा भरतीविरुद्ध चालली. ताईचं मत स्पष्ट होतं. यंत्रणा उत्तम, पण समुद्र चढत राहिला तर खाजणाची मुखं वारंवार बंद करावी लागतील, आणि खाजणाला दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी मिळालंच पाहिजे, नाहीतर ते सडेल. मला हे शहर वाचायलाच हवं असं वाटतं, पण खाजण मेलं तर वाचलेल्या शहराचं करायचं काय, हा तिचा प्रश्न खरा आहे.

पाणी ओसरल्यावर एका गल्लीत भिंतीचा तळ जवळून पाहिला. खाली पांढऱ्या इस्त्रियन दगडाचे थर. हा दगड पाणी जवळपास शोषतच नाही. जुन्या बांधकामात भरतीची रेषा या दगडाच्या खाली राहायची. आता शेवाळाची हिरवी कड दगडाच्या वर, विटांपर्यंत पोहोचलीय. विटेवरून बोट फिरवलं तर लाल भुकटी निघाली आणि तिच्यात बारीक पांढरे कण. मीठ. पाणी विटेत चढतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि वीट आतून फुटते. माणसाच्या कमरेच्या उंचीवर सगळीकडे हेच चाललंय.

चौकातला घंटामनोरा १४ जुलै १९०२ ला सकाळी आपल्याच पायावर कोसळला. माणूस एकही दगावला नाही. "जिथे होता तिथे, जसा होता तसा" असं ठरवून १९१२ मध्ये तो पुन्हा उभा केला.

दुपारी पूर्वेला कास्तेल्लोकडे निघालो. अर्सेनाले, म्हणजे प्रजासत्ताकाची गोदी, आतून नौदलाची असल्यामुळे दारातूनच पाहिली. दारात ग्रीसहून आणलेले दगडी सिंह बसलेत. त्यांतला मोठा पिरेयसचा, १६८७ मध्ये लुटून आणलेला, आणि त्याच्या खांद्यांवर वायकिंगांनी कोरलेली रून अक्षरं आहेत. झिजून दिसेनाशी होत आलीत, तिरपा उजेड पडला तेव्हा वळणं ओळखू आली. पुढची व्हिया गारिबाल्दी रुंद आहे, कारण ती कालवा बुजवून केलेली. तिच्या टोकाला बोटीवर भाजीचं दुकान असतं. इथे पर्यटक विरळ, दोऱ्यांवर कपडे, बाकांवर म्हातारे. या शहराच्या जुन्या भागात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत, २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत तो आकडा दिव्यांनी लावून ठेवलाय. पुराच्या आकड्यांपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटली.

चौथा दिवस: सालूतेचा पूल

१६३० मध्ये प्लेग आला आणि वर्षभरात शहराची जवळजवळ एक तृतीयांश माणसं गेली. साथ थांबली तर चर्च बांधू, असा नवस प्रजासत्ताकानं केला. बाल्दासारे लोंगेना नावाच्या तरुण वास्तुविशारदाला काम मिळालं, त्याचं आयुष्य त्यातच गेलं आणि १६८७ च्या अभिषेकाआधी पाच वर्षं तो वारला. लाखो खुंटांवर उभी असलेली ती आठकोनी घुमटाची इमारत म्हणजे सांता मारिया देल्ला सालूते. सालूते म्हणजे आरोग्य.

पूल काम्पो सांता मारिया देल जिल्योजवळून सुरू होतो. तराफ्यांवर लाकडी फळ्या, मध्ये बोटी जाण्यापुरती उंची. पाय टाकला की फळी किंचित दबते आणि पाण्याची हालचाल तळव्याला लागते. ग्रँड कॅनॉलच्या मधोमध पायी उभं राहून दोन्हीकडचे राजवाडे बघायला वर्षातून एवढेच दिवस मिळतात. पण थांबणारे आम्हीच. बाकीचे गावकरी, ढकलगाडीतली बाळं, शाळेचे गणवेश, काठी टेकणारे आजोबा, सगळे गप्पा मारत चालले होते.

पलीकडे मेणबत्त्यांच्या टपऱ्या. लांब पांढऱ्या मेणबत्त्या घेऊन लोक रांगेत. आमच्या पुढच्या आजींनी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं, की मेणबत्ती स्वतः लावायची नसते, आत मदतनीस घेतात आणि ते लावतात. त्या लहानपणापासून दर वर्षी येतात. आता मुलगा मेस्त्रेत राहतो, पण आजच्या दिवशी तोही येतो. "तुमच्या घरच्यांचं आरोग्य," त्या ताईच्या हातातल्या मेणबत्तीकडे बोट दाखवून म्हणाल्या. ताईनं मान डोलावली. गेल्या वर्षी तिची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. तिनं मेणबत्ती दिली आणि वेदीवरच्या क्रीटहून आलेल्या मारियाच्या काळपट चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मी बाजूला सरले.

चर्चमागच्या गल्लीत तळणीचे आणि साखरेचे वास, फुगे, जत्रा. जेवायला कास्त्रादीना मागवलं. खारवून, धुरी देऊन सुकवलेलं मेंढ्याचं मांस कोबीबरोबर तासन् तास शिजवतात. प्लेगच्या काळात दाल्मेशियाच्या व्यापाऱ्यांनी हे मांस पुरवलं, अशी आठवण सांगतात. चव उग्र, खारट, पोटात ऊब भरणारी. थंडीत त्याहून चांगलं काही मिळालं नसतं.

नंतर पुंता देल्ला दोगानाच्या टोकापर्यंत चालत गेलो. दोन कालवे एकत्र येतात ती जागा. जवळच भरती मोजण्याचं ठाणं आहे, ज्याच्या शून्यावरून शहराचे सगळे आकडे निघतात. ताईनं त्या साध्या खोकड्याचे फोटो काढले, घुमटापेक्षा जास्त.

निघतानाचा दिवस

विमानतळाची बस पियात्साले रोमाहून होती, म्हणून कान्नारेजोतून बॅगा घेऊन ग्रँड कॅनॉलवरचा चौथा, २००८ सालचा पूल ओलांडला. देखणा आहे, पण त्याच्या काचेच्या पायऱ्या ओल्या झाल्या की लोक घसरतात. काच काढून तिथे त्राकीत दगड बसवायचं पालिकेनं ठरवलं. शहरातली जुनी फरसबंदी याच करड्या, खरबरीत दगडाची आहे. पायरीची कड मात्र पांढऱ्या इस्त्रियन दगडाची, म्हणजे अंधारातही पाऊल कुठे संपतं ते दिसावं. एवढी वर्षं चालून ठरलेली रीत आहे ती.

ताई बसमध्ये बसल्या बसल्या तोर्चेल्लोला जाणाऱ्या बोटीचं वेळापत्रक बघत होती. व्हेनिसच्या आधी तिथे वस्ती होती आणि खाजण गाळानं भरल्यावर ती उठली. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करायची, असं तिचं पक्कं झालंय, आणि त्या बेटासाठी वापोरेत्तोचं तिकीट काढायला माझीही हरकत नाही.